साल

बाबांच्या हाती कुऱ्हाड, माझ्या हाती ब्रश.
ते साल काढायचे,
मी त्या जागी साल लिहायचे.
आख्खं नाही, शेवटचा आकडा फक्त,
पांढऱ्या रंगात, छातीएवढ्या उंचीवर.
दोन लिहिलेल्या झाडाला एक उजाडेपर्यंत
कुणी बोट लावायचं नाही.
मध्ये नऊ उन्हाळे.

शाळा मला चार इयत्ताच लाभली.
पण इथे, अलेन्तेजोच्या या उतारावर,
बूच-ओकांच्या सोललेल्या अंगावर
शून्य ते नऊ मी इतक्यांदा गिरवले
की अजून झोपेत मनगट फिरतं.
नवं सोललेलं खोड
हात ठेवला तर ओलसर, कोमट,
ताप नुकता उतरलेल्या पोराच्या पाठीसारखं.
"ऐक," बाबा म्हणायचे, "आवाज पोकळ आला
तर झाड देतंय.
ठक्क आला, तर कुऱ्हाड खांद्यावर घे
आणि मुकाट घरी चल."

त्या वर्षी पाळी पाचांची होती.
मार्चपासून आभाळात ठिपका नाही,
विहिरीला दोर दुप्पट लागलेला,
समोरच्या टेकडीवर तेओतोनियुसाहेबांची निलगिरी
ओळीनं उभी, पाणी ओढत.
साहेब लिस्बनहून आले, कागद उघडला:
एवढ्या किलोचं बूच, एवढ्या बाटल्या,
आणि तुमची ही झाडं, फेलिज्बेलाबाई,
नऊ वर्षांत एकदा कामाला येतात!
माझ्या भाच्यानं, आदेलिनुनं, पहिल्या पाचावर घाव घातला.
ठक्क.
दुसऱ्यावर.
ठक्क.
साल सुटेना. ओढली असती
तर खालचं मांसही हातात आलं असतं.
मी रंगाच्या बादलीवर झाकण दाबलं.
साहेब काही बोलले. ते मला ऐकू आलं,
पण मी बहिरी आहे असं गावात सगळ्यांना वाटतं,
ते अशा वेळी बरं पडतं.

अकराव्या दिवशी सुआंव वारा सुटला
आणि टेकडी पेटली.
निलगिरीची आग पायानं चालत नाही,
उड्या मारते.

सकाळी काजळी पुसत, आकडे वाचत फिरले.
सात: नखानं खरवडलं. आत ओल.
आठ: ओल.
पाच, ज्यांनी साल दिली नव्हती, ते सगळे उभे,
करपलेली जाड घोंगडी पांघरून.
आदेलिनुच्या घावाचे दोन तेवढे गेले.
आणि तीन.
गेल्या साली ज्यांची साल आम्ही घेतली ते तीन.
तीन, तीन, तीन,
माझ्याच हातचे, वळण फार सुरेख आलेलं.
एकशे बारा मोजले. मग बाबांसारखी
मुकाट घरी आले.

आता साहेबांनी टेकडी विकायला काढली आहे,
गिऱ्हाईक नाही.
झाडांखाली नांगर मी बंद केला, तो मुळं कापतो.
मेंढ्या सोडते. वाळलेलं गवत
आगीच्या पोटात जाण्यापेक्षा त्यांच्या पोटात गेलेलं बरं.
आणि काट्याच्या झुडपांत, जिथे मेंढीचं तोंड पोचत नाही,
ओकाच्या बिया टोकते.
पंचवीस वर्षांनी पहिली साल, ती खरबरीत, निकामी.
दुसरीही बेताचीच.
बाटलीला बसेल अशी तिसरी. म्हणजे त्रेचाळीस.
मी एकसष्ट.
ज्याला बेरीज येते त्यानं करावी.

पाचांवर नवा आकडा लिहिलेला नाही.
मुदत कधीच उलटली, तरी राहू दे म्हटलं,
झोपलेल्याला उठवून वय विचारू नये.

आदेलिनुची इदालिना ब्रश घेऊन मागे मागे येते.
घोट्याएवढ्या रोपापुढे उकिडवी बसते:
"आत्या, याचा आकडा कुठे लिहू?"
म्हटलं, ती बादली घे,
ओढ्यावरून भरून आण.

कितीही घासली तरी रंग पुरता गेला नाही.
पहिले काही दिवस
रोपांना दुधाळ पाणी मिळालं.